आधी वापरून पाहा

भाऊ : अगं, धूळ उडेल. तू जरा मागे सरक, कापड मी काढतो.

ताई : माझ्या मशीनवरचं कापड मी काढीन. तू हात मागे घे. दोन वर्षं झाकून ठेवलं म्हणजे काही मेलं नाही ते.

भाऊ : मेलंय का जिवंत आहे तेच बघायला आलोय. रविवारी गाडी येणार, त्याआधी ठरवायला हवं ना, हे न्यायचं की भंगारात द्यायचं.

ताई : आणि मला कुठल्या ढिगात टाकलंयस?

भाऊ : झालं तुझं सुरू? खोली रंगवून तयार आहे तुझी. फिकट पिवळा दिलाय.

ताई : वा. उठून दिसेल मला.

भाऊ : चुकलो.

ताई : चुकलास कशाला? चांगलाच असेल. पोरीने निवडला असेल.

भाऊ : पोरीनेच. आणि हा पेनड्राइव्हसुद्धा तिनेच दिलाय. म्हणाली, आत्याच्या कॉम्प्युटरला हा लाव आणि चालू कर. आतली जुनी सिस्टीम झोपलेली राहते, आणि या काडीतली नवी सिस्टीम उठते. कशालाही धक्का लागत नाही म्हणे. नुसतं वापरून बघायचं.

ताई : काय करायचं वापरून? डोळ्यात काचबिंदू, आणि समोर पडदा. आंधळीला आरसा आणून दिल्यासारखं झालं.

भाऊ : तिने एवढंच सांगितलं, आत्याला म्हणावं घाबरू नको.

ताई : मी घाबरते? तुझ्या पोरीला सांग, तिचा बाप तेराव्या मजल्याच्या लिफ्टच्या टपावर उभा राहतो ना, त्याला पहिल्यांदा जिन्याने वर न्यायला मीच गेले होते. पाय लटपटत होते त्याचे.

भाऊ : ते तिला माहीत नाही, राहू दे. लावू का?

ताई : लाव. न्यायचंच आहे तर निदान कळू दे तुझ्या घरात काय ओझं चाललंय.

भाऊ : लावला. बटण दाबतो. ही कळ दाबून धरायची म्हणाली होती… धरली. काहीतरी गरगरतंय. दिवा लागला.

ताई : पंख्याचा आवाज येतोय. तोच आहे, जुना. घसा खरवडल्यासारखा.

भाऊ : आता पडद्यावर एक गोल फिरतोय.

ताई : सांग सांग, धावतं वर्णन कर. क्रिकेटच चाललंय जसं.

आवाज : स्वागत. भाषा, मराठी. दोन पर्याय. पहिला, वापरून पाहा. दुसरा, कायमचे बसवा.

ताई : कोण आलं?

भाऊ : कुणी नाही.

ताई : अरे कुणीतरी बोललं. दार उघडं टाकलंस का?

भाऊ : ताई, हे मशीन बोललं.

ताई : चल.

भाऊ : आईशपथ. पोरगी म्हणाली होती की वाचून दाखवेल, पण मला वाटलं इंग्रजीत काहीतरी बडबडेल.

ताई : मराठीत बोललं रे ते. नाकातून बोललं, पण मराठीत बोललं. परत बोलायला लाव.

भाऊ : हा बाण दाबतो.

आवाज : दुसरा पर्याय. कायमचे बसवा.

ताई : दुसरीकडचा दाब.

आवाज : पहिला पर्याय. वापरून पाहा.

ताई : बारक्या.

भाऊ : काय गं?

ताई : काही नाही. तू बाजूला हो. खुर्ची दे मला. थोडी पुढे. एवढी नको, माझ्या कोपरांना जागा लागते.

भाऊ : मी दाबतो ना, तू सांग फक्त.

ताई : चाळीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही कळा कुठल्या दाब म्हणून. उठ.

भाऊ : बस बाई. हे बघ, इथे—

ताई : हात लावू नकोस माझ्या हाताला. दोन कळांवर उंचवटे असतात, तिथे पहिली बोटं ठेवायची. हे एक. आणि हे एक. बसले. आता एंटर इथे असायला हवं.

आवाज : वापरून पाहा, निवडले. थांबा. … डेस्कटॉप. तीन वस्तू. घर. कागद. कचरापेटी, रिकामी.

ताई : कचरापेटी रिकामी! दोन वर्षांत पहिली चांगली बातमी.

भाऊ : पडदा सुंदर आहे हं. निळा. मागे डोंगर.

ताई : असू दे. तुझा तू बघ. हे काय म्हणालं, घर, कागद? कागदावर जाते. बाण, बाण.

आवाज : कागद. उघडला. रिकामा कागद. ओळ एक.

भाऊ : लिही काहीतरी.

ताई : थांब जरा.

भाऊ : काय झालं?

ताई : ओळ एक म्हणालं.

भाऊ : मग? पहिलीच ओळ आहे.

ताई : तुला नाही कळायचं. या घरात मी भिंतीला हात लावून ओळखते कुठे आहे ते. दाराबाहेर पाऊल टाकलं की तेवढंही नाही. हे न विचारता सांगतंय मला, बाई, तू पहिल्या ओळीवर उभी आहेस.

भाऊ : बरं वाटतंय ना पण?

ताई : अंगावर काटा आलाय. बघ हात लावून.

भाऊ : खरंच की.

ताई : कळा कशा ठेवल्यात पोरीने? नव्या पद्धतीने असतील तर माझा काही उपयोग नाही.

भाऊ : नाही, जुनीच मांडणी टाकलीय म्हणाली. टायपरायटरची. बाबा, तुला माहीत नाही पण आत्याला कळेल, असं म्हणाली.

ताई : डाव्या हाताचं मधलं बोट…

आवाज : क.

ताई : क!

भाऊ : क आला पडद्यावर.

ताई : मला माहीत आहे आला ते! त्याने सांगितलं मला. आता हे…

आवाज : र. … कर.

ताई : अक्षर अक्षर सांगतं आणि शब्द झाला की शब्द सांगतं. बारक्या, हे असं कधीपासून आहे जगात?

भाऊ : असेल बरीच वर्षं. मला कुठे काय कळतं? माझं जग केबल आणि ब्रेक.

ताई : आणि मी इथे रेडिओ लावून बसले होते.

भाऊ : रडतेस का?

ताई : मला एक सांग. टाइप करताना मी कळांकडे बघायचे का रे कधी?

भाऊ : नाही. तू कागदाकडे बघायचीस. वकिलांच्या. माझ्याकडेही बघायचीस मधूनच, अभ्यास करतोय का झोपलोय ते. बोटं चालूच असायची.

ताई : कळांकडे कधी बघितलंच नाही मी. मग डोळे गेल्यावर कळा का सोडल्या?

भाऊ : आता मी काय सांगू?

ताई : मी सांगते. कागदावर काय उमटलं ते कोण सांगणार, म्हणून सोडल्या. एखादी मात्रा सुटली, एका पक्षकाराचं नाव दुसऱ्याला लागलं, तर कोण बघणार? वकीलबाई किती वेळा म्हणाल्या, मी बोलून रेकॉर्ड करून पाठवते, तुम्ही ऐकून टाइप करा, तुमच्या हातचा कागद पाहिजे मला. मी म्हटलं, बाई, माफ करा. आता नुसतं बसायचंच आहे. आणि नुसतं बसायचं तर काय, इथे बसलं काय आणि तुझ्या पिवळ्या खोलीत बसलं काय.

भाऊ : म्हणून हो म्हणालीस होय यायला?

ताई : मग तुला काय वाटलं, तुझ्या बायकोच्या हातच्या चहासाठी? तो काय मला माहीत नाही?

भाऊ : तिला सांगेन हं.

ताई : सांग. तिलाही माहीत आहे. आता गप्प बस, मला लिहू दे.

भाऊ : काय लिहितेस?

ताई : हीच तर पंचाईत आहे. कुणी सांगत नाहीये. आजवर कुणी ना कुणी बोलायचं आणि मी टाइप करायचे. किंवा कुणाच्या तरी अक्षरातलं उतरवायचे. माझं असं… काय लिहायचं असतं?

भाऊ : मनात येईल ते.

ताई : मनात यायला लागलं की बोटं आपोआप 'अर्जदार' लिहितात.

आवाज : अर्जदार.

ताई : बघ.

भाऊ : लिही तसंच. तुझी तीच भाषा.

आवाज : अर्जदार… ही… सामनेवाल्याची…

ताई : फारच सावकाश बोलतो हा. आजारी माणसाशी बोलावं तसा. वेग वाढवता येतो का?

भाऊ : हो, पोरीने दोन कळा सांगितल्यात. वरच्या रांगेत, शेवटून दुसरी. ती वाढवते.

आवाज : वेग, साठ.

ताई : अजून.

आवाज : वेग, पंच्याहत्तर.

भाऊ : बास की. आत्ताच मला निम्मं कळेना.

ताई : कोर्टात साहेब घाईत असले की एका श्वासात अख्खा निकाल सांगायचे. हे तर आरामात चाललंय. अजून.

आवाज : वेगनव्वद.

भाऊ : ताई, पत्र्यावर चणे ओतल्यासारखं वाजतंय.

ताई : तुझ्या कानाला. मला स्पष्ट येतंय. आता बोलू नकोस.

आवाज : अर्जदाहीसामवाचीसख्खथोर्लबह्सूनतीयेप्रमविनंकर्तेकी—

भाऊ : हे मराठीच आहे ना?

ताई : शू.

भाऊ : तू टाइप करतेस की ते? हातच दिसेनात तुझे. … बरं, लिही. मी आपला इथे बसतो. किती वर्षांनी हा आवाज ऐकतोय. कळा मऊ आहेत आताच्या, पण ठेका तोच. त्या लांब मोठ्या कळेवर अंगठा आपटायची तुझी सवय, तीसुद्धा तीच.

ताई : अंगठ्यालाही काम पाहिजे ना.

भाऊ : ताई.

ताई : हं.

भाऊ : थांब, थांब. पडदा गेला.

ताई : कुठे गेला?

भाऊ : काळा झाला! सगळा काळा ठिक्कर. काही दिसत नाहीये.

ताई : मग?

भाऊ : मग काय मग? बंद पडला! आणि तू टाइप करतेयस!

ताई : मला तर नीट ऐकू येतंय. सोळावी ओळ चालू आहे. तूच घाबरलायस.

भाऊ : अगं पण दिसायला नको? थांब, मागची वायर सैल झाली असेल. एका मिनिटात करतो. तू हात उचल.

ताई : अरे, माझं काही अडलेलं नाही. राहू दे ना काळा—

भाऊ : झालंच. मेन पाडतो आणि वायर घट्ट करतो.

ताई : काय पाडतोस?

भाऊ : मेन स्विच. पाडला. … ही बघ, म्हटलं नव्हतं? वायरच सैल होती. बसली आता. चालू करू?

ताई : बारक्या, पंख्याचा आवाज थांबलाय.

भाऊ : थांबणारच, मेन पाडलाय ना. वायरीला हात लावायच्या आधी मेन खाली, हा माझ्या अंगातच भिनलेला नियम आहे.

ताई : आणि माझ्या सोळा ओळी?

भाऊ : असतील की. चालू करतो, थांब.

आवाज : स्वागत. भाषा, मराठी. दोन पर्याय. पहिला, वापरून पाहा.

ताई : कागदावर जाते. सरक.

आवाज : कागद. उघडला. रिकामा कागद. ओळ एक.

भाऊ : रिकामा?

ताई : रिकामा.

भाऊ : पोरगी म्हणाली होती की… आता आठवतंय. नुसतं वापरून बघताना काही लक्षात ठेवत नाही ते. बंद केलं की सगळं विसरतं. पुन्हा उघडलं की पहिल्यापासून. ताई, मी गाढव आहे.

ताई : हे मी तुझ्या शाळेच्या दाखल्यावरच लिहायला हवं होतं.

भाऊ : कुणालाही नको असलेला पडदा दुरुस्त करायला निघालो मी. खोलीत पडदा बघणारा मी एकटा, आणि म्हणे बंद पडलं!

ताई : पण काय रे, खरंच पूर्ण काळा होता?

भाऊ : कोळशासारखा.

ताई : आणि मशीन चालू होतं.

भाऊ : चालू काय, धावत होतं. तू आणि ते दोघं धावत होता, आणि मी मागे राहिलो. खरं सांगू? मी तुला असं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी पाहिलं असेल, पण तेव्हा मला वाटायचं सगळ्यांच्याच बहिणींना हे येतं. आज तो काळा पडदा आणि तुझे हात बघितले, आणि मला तेराव्या मजल्यावर उभं राहिल्यासारखं झालं. काय लिहिलं होतंस ते तरी सांग.

ताई : ऐकत होतास की शेजारी बसून.

भाऊ : चणे ऐकत होतो! एक शब्द कळला असेल तर शपथ.

ताई : मग पुन्हा लिहावं लागणार. पण आता असं विसरभोळं नको मला. ते दुसरं काय म्हणालं होतं?

भाऊ : कायमचे बसवा.

ताई : ते कर.

भाऊ : करू की. रविवारी सामान लागलं की माझ्याकडे, पोरगीच बसवून देईल. तिला नीट—

ताई : इथे कर. आत्ता.

भाऊ : इथे बसवायचं आणि दोन दिवसांत उचलून न्यायचं?

ताई : तू बसव आधी. मग बोलू.

भाऊ : ताई, बोलायचं काय आहे त्यात?

ताई : बाण कुठला, हा ना?

आवाज : दुसरा पर्याय. कायमचे बसवा. … सूचना. या डिस्कवरील सर्व जुनी माहिती पुसली जाईल. पुढे जायचे?

भाऊ : थांब! तुझं सगळं काम आहे त्यात. एवढ्या वर्षांचं.

ताई : माझं? माझी एक ओळ दाखव त्यातली. कुणाचं भाडं, कुणाची भिंत, कुणाचा काडीमोड. ज्याचे कागद त्याने केव्हाच नेले. वकीलबाईंकडे सगळ्यांच्या नकला आहेत. माझं म्हणून त्यात काहीही नाही.

भाऊ : नक्की?

ताई : पुसू दे.

आवाज : पुढे जात आहे. कृपया थांबा.

(बराच वेळ. पंखा जोरात फिरतो आहे.)

भाऊ : तू येणार नाहीस ना?

ताई : कुठे?

भाऊ : उगाच कुठे म्हणून विचारू नकोस. मला कळत नाही असं नाही. वकीलबाईंचं काम घेणार तू. इथेच राहणार. आणि ही काडी मीच घेऊन आलो, माझ्याच हाताने. आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला मी.

ताई : तुला वाईट वाटलं?

भाऊ : वाटणारच. तुला सांभाळायला नेतोय असं सगळ्यांना सांगतोय मी. खरं तसं नाही गं. घर गप्प झालंय माझं. ही ड्युटीवर, पोरगी कानात बोळे घालून बसलेली. मी दिवसभर लिफ्टच्या मोटारींच्या गोंगाटात असतो आणि घरी आलो की ती शांतता खायला उठते. म्हटलं, तू असशील. शिव्या तरी घालशील.

ताई : हे तू पहिल्यांदा बोललास.

भाऊ : तू विचारलंस कधी?

ताई : नाही विचारलं. खोलीचा रंग विचारला. … झालं का रे बघ.

आवाज : काम पूर्ण झाले. पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

ताई : काढ. मेनला हात लावू नकोस.

भाऊ : लहान पोरालाही इतकं बजावलं नसतंस. काढला.

आवाज : स्वागत. डेस्कटॉप. तीन वस्तू.

ताई : आता दोन पर्याय विचारले नाहीत त्याने.

भाऊ : नाही विचारले. घरच झालं त्याचं.

ताई : जा, चहा टाक. फळीवरचे डबे हलवू नकोस, मला मग सापडत नाहीत. मी लिहिते.

भाऊ : तेच लिहिणार?

ताई : तेच. माझ्या हातून गेलेली ओळ मी विसरत नाही.

भाऊ : … चहा झाला. हा घे, उजव्या हाताला ठेवलाय. संपलं लिहून?

ताई : संपलं. बस तिथे. त्याचा वेग उतरवते.

आवाज : वेग, साठ. … वेग, चाळीस.

ताई : कळतंय ना आता?

भाऊ : कळतंय.

ताई : मी मध्ये बोलणार नाही. तूही बोलू नकोस.

आवाज : अर्जदार ही सामनेवाल्याची सख्खी थोरली बहीण असून ती येणेप्रमाणे विनंती करते की. सामनेवाल्याने अर्जदारासाठी खोली रंगवली व गाडी ठरवली. त्याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. सामनेवाला मनाने चांगला आहे. डोक्याने बेताचा आहे.

भाऊ : वा.

आवाज : सामनेवाला लहान असताना, आई गेल्यावर, त्यास अर्जदाराच्या मशीनचा आवाज असल्याशिवाय झोप लागत नसे. आवाज थांबला की तो उठून बसत असे व कोण गेले असे विचारत असे. अर्जदाराचे काम पुष्कळदा लवकर संपे. तरी ती मशीन चालवत राही. त्यात कागद नसे.

भाऊ : ताई.

ताई : बोलू नकोस म्हटलं ना.

भाऊ : कागद नसायचा?

ताई : वाया कशाला घालवायचा? तुला काय आवाजाशी मतलब.

भाऊ : मला वाटायचं किती काम असतं हिला. मी शाळेत सांगायचो सगळ्यांना, माझी ताई रात्रंदिवस काम करते म्हणून.

ताई : करतच होते की. ऐक पुढे.

आवाज : तेव्हा अर्जदार काय टाइप करी, ते तिलाही माहीत नाही. आज तिने कागद लावला आहे. सबब, तिला इथेच राहू द्यावे. सामनेवाल्याने घर गप्प वाटेल तेव्हा इथे येऊन बसावे, हवे तर झोपावे. ही विनंती. कागदाचा शेवट.

ताई : गप्प का झालास? पडदा पुन्हा गेला का?

भाऊ : गेला असेल. मला नाही दिसत नीट.

ताई : नाक पूस. आणि काय तो निकाल दे. अर्ज मंजूर की नामंजूर?

भाऊ : एक फोन करतो, थांब.

ताई : कर. मी तोवर वकीलबाईंसाठी कोरा कागद उघडून ठेवते. चहात साखर विसरलास.

भाऊ : हॅलो, गाडीवाले ना? हो, मीच. ते रविवारचं… नको. … नाही हो, तब्येत छान आहे तिची. … पुढच्या रविवारीही नको. … कधी ते सांगता येत नाही. ती कामात आहे.